सराव-परीक्षेचे गुण व घरांतील वडील मंडळी

आश्विन सरून कार्तिक लागण्याचा सुमार आला, म्हणजे आमच्या यवतमाळ जिल्ह्यांत दोन आकड्यांकडे लोकांचे डोळे लागलेले असतात. एक कापसाच्या भावाचा. आणि दुसरा, ज्या घरीं नुकतेंच पदवीधर झालेलें मूल आहे त्या घरीं, रविवारच्या सराव-परीक्षेंत त्याला पडलेल्या गुणांचा. पहिल्या आकड्याविषयीं लिहिण्याचा आमचा अधिकार नाहीं. दुसऱ्याविषयीं मात्र चार शब्द लिहावे असें वाटतें. कारण आमचीं पस्तीस वर्षें उत्तरपत्रिका तपासण्यांत गेलीं, आणि निवृत्तीनंतरही शेजारपाजारचीं मुलें आपापल्या वह्या घेऊन आमच्या ओसरीवर येतच असतात. गुण वाढत नाहींत, ही मुलांची तक्रार; आणि गुण कां वाढत नाहींत, ही घरच्यांची तक्रार. दोन्ही तक्रारी वरवर एकच दिसतात, परंतु त्यांत पुष्कळ अंतर आहे.

ज्या परीक्षेसंबंधीं मुख्यतः लिहावयाचें आहे, ती 'कॉमन अ‍ॅडमिशन टेस्ट', संक्षेपानें 'कॅट'. व्यवस्थापन-शास्त्राच्या ज्या 'आयआयएम' नांवाच्या राष्ट्रीय संस्था आहेत, त्या आपल्या पदव्युत्तर वर्गांत प्रवेश देण्यासाठीं आळीपाळीनें ही परीक्षा घेतात. आम्हां यवतमाळकरांस सर्वांत जवळची अशी संस्था नागपूरची. ती २०१५ सालीं निघाली. परीक्षा वर्षांतून एकदांच, बहुधा नोव्हेंबरच्या अखेरच्या रविवारीं, संगणकावर होते. २०२४ सालीं सुमारें २ लक्ष ९३ हजार उमेदवार तीस बसले होते. त्या वर्षीं प्रश्न एकंदर ६८ होते: इंग्रजी वाचन व भाषा यांचे २४, माहितीचें विश्लेषण व तर्क यांचे २२, आणि गणिताचे २२. वेळ दोन तास. प्रत्येक विभागास बरोबर चाळीस मिनिटें, आणि एका विभागाचा वेळ सरला कीं पुन्हां तिकडे वळून पाहण्याची सोय नाहीं. बरोबर उत्तरास तीन गुण. पर्याय दिलेल्या प्रश्नाचें उत्तर चुकल्यास एक गुण वजा. जेथें उत्तराचा आकडा आपणच टंकून द्यावयाचा असतो, तेथें चुकलें तरी वजाबाकी नाहीं. म्हणजे सर्व मिळून गुण २०४.

आतां वडील मंडळींची पहिली गफलत येथें होते. आमच्या पिढीच्या मनांत मॅट्रिकचें मोजमाप पक्कें बसलेलें आहे: पस्तीसास उत्तीर्ण, साठास पहिला वर्ग, आणि त्यापुढें जितके अधिक तितके पेढे अधिक. नातू येऊन सांगतो कीं, २०४ पैकीं ५८ पडले. आजोबा मनांतल्या मनांत त्रैराशिक मांडतात, शेंकडा अठ्ठावीस असा हिशेब निघतो, आणि "म्हणजे नापासच कीं रे!" असे उद्गार निघून जातात. मुलगा गप्प बसतो. पुढच्या रविवारीं तो गुण सांगतच नाहीं. वास्तविक ह्या परीक्षेंत उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा प्रकारच नाहीं. येथें पाहतात तें हें कीं, तुमच्या मागें शेंकडा किती उमेदवार राहिले. यासच 'पर्सेंटाइल' म्हणतात. परीक्षा एका दिवशीं तीन सत्रांत होते, सत्रांची काठिण्यता थोडी कमीजास्त असते, म्हणून गुणांस प्रथम एका पातळीवर आणून मग हा क्रम ठरवितात. अलीकडच्या वर्षांत ९९ पर्सेंटाइलच्या जागीं असलेल्या उमेदवाराचे गुणही एकंदर गुणांच्या निम्म्यापेक्षां कमीच भरले आहेत! प्रश्नपत्रिकाच अशी रचलेली असते कीं, दोन तासांत ती सगळी कोणीं सोडवावी अशी अपेक्षा नसते. उलट ९९ पर्सेंटाइल ऐकून घरांत जो हर्ष होतो, त्यासही थोडा आवर घालावा. कारण २ लक्ष ९३ हजारांत त्या मुलाच्या पुढें अजून सुमारें २,९०० जण उभे असतात.

गुणांचा अर्थच ठाऊक नसतां त्यांवरून निकाल दिल्यानें काय होतें, याचें एक उदाहरण आमच्या शेजारच्याच वाड्यांत यंदा घडत आहे. कुटुंब एकत्र, आजोबा, दोन काका, त्यांचीं मुलेंबाळें. थोरल्या मुलाची कन्या अभियांत्रिकीची पदवीधर. दोन वर्षें पुण्यास नोकरी करून, 'कॅट' देण्यासाठीं ती नोकरी सोडून घरीं आली. घरच्यांनीं एक वर्षाची मुदत दिली. मुदत ह्या शब्दांत सर्व कांहीं आलें: वर्ष निष्फळ गेलें तर पुढें स्थळें पाहण्यास तिनें हरकत घ्यावयाची नाहीं. आषाढांतील चार रविवारचे तिचे गुण ४६, ५१, ४३ व ४८. धाकट्या काकांनीं उपाय सुचविला कीं, आठवड्यास एकाऐवजीं दोन-तीन सराव-परीक्षा द्याव्या. श्रावणभर तसें केलें. गुण ४१ वर आले. मग जेवतांना बोलणें निघालें कीं, "एवढ्यानें होत नसेल तर दिवाळीनंतर स्थळें बघायला काय हरकत आहे?" दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं मुलगी आमच्याकडे आली. रडली नाहीं, पण बोलतांना वहीचा कोपरा दुमडीत होती.

आम्हीं तिला गुण विचारले नाहींत. झालेल्या पत्रिका दाखव म्हटलें. पत्रिका जपून ठेवलेल्याच नव्हत्या. परीक्षा झाली, गुण पाहिले, बरोबर उत्तरें कोणतीं यावरून एकदां नजर फिरविली, आणि संगणक बंद केला; असा क्रम. सुदैवानें त्या सर्व संगणकांत शिल्लक होत्या. हा दोष तिचा एकटीचा नव्हे. दहांतील आठ मुलें असेंच करतात. ज्यास ज्वर आहे त्यानें दर तासास उष्णतामापक लावून पाहावें, आणि ज्वर कां उतरत नाहीं म्हणून आणखी एक उष्णतामापक विकत आणावें, त्यांतलीच ही रीत! परीक्षा देणें हें मोजणें आहे. औषध मोजल्यानंतर सुरू होतें.

तिच्या एका पत्रिकेच्या गणित विभागाचा हिशेब येथें देतों, म्हणजे वाचकांस मर्म कळेल. २२ पैकीं १४ प्रश्न सोडविले, ते सर्व पर्यायी. ९ बरोबर, ५ चूक. गुण २७ वजा ५, म्हणजे २२. आम्हीं ते पांच चुकलेले प्रश्न तिच्याकडून, उत्तर न पाहतां, पुन्हां करवून घेतले. त्यांतले दोन तिनें तेथल्या तेथें बरोबर केले. "गुरुजी, हें तर मला येत होतं हो!" ती म्हणाली. येतच होतें. एकांत 'किती रुपये उरले' असें विचारलें असतां तिनें किती खर्च झाले तें काढलें होतें. दुसऱ्यांत मिनिटांचे तास करावयाचे राहिले होते. एका प्रश्नांत डोळे मिटून पर्याय निवडला होता. उरलेले दोन तिला येत नव्हते, तरी त्या प्रत्येकावर सहा-सहा मिनिटें घालवून शेवटीं चुकीचेंच उत्तर दिलें होतें. आतां पाहा. हातचे सुटलेले ते दोन प्रश्न बरोबर आले असते तर ११ बरोबर, ३ चूक, गुण ३०. आणि ते तीन प्रश्न सोडून दिले असते तर गुण ३३. एक नवें सूत्र न शिकतां २२ चे ३३! शिवाय बारा मिनिटें वांचलीं असतीं, आणि पत्रिकेच्या शेवटीं जे तीन सोपे प्रश्न तिच्या दृष्टीसही पडले नव्हते, त्यांतले एक-दोन तरी पदरांत पडते. येत असलेला प्रश्न चुकला म्हणजे तीन गुण गेले असें मुलें समजतात. ते तीन आणि दंडाचा एक, असे चार जातात. ही वजाबाकी आम्हीं तिच्या वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून दिली.

त्या वहीस आम्ही 'चुकांची वही' म्हणतों. प्रत्येक सराव-परीक्षेनंतर, त्याच दिवशीं, चुकलेला व सोडलेला प्रत्येक प्रश्न तींत यावा, आणि त्यापुढें कारण यावें. कारणें चारच प्रकारचीं निघतात. विषयच ठाऊक नव्हता. ठाऊक होता पण हात चुकला. आलें पण वेळ फार लागला. आणि चौथें, हा प्रश्न मुळांत हातीं घ्यावयासच नको होता. एक नियम मात्र कडक आहे. 'निष्काळजीपणा' किंवा 'दुर्लक्ष' हा शब्द वहींत लिहावयाचा नाहीं. तो लिहिल्यानें मनास समाधान होतें आणि चूक जशीच्या तशी राहते. "शेवटची ओळ वाचली नाहीं", "वजाचें चिन्ह पुढच्या ओळींत उतरलें नाहीं", असें नेमकें लिहावें. म्हणजे औषध आपोआप सुचतें. आमच्या ह्या मुलीच्या सहा पत्रिकांतील गणिताच्या हातचुका मोजल्या, तेव्हां निम्म्याहून अधिक एकाच जातीच्या निघाल्या: काय विचारलें आहे तें अर्धवट वाचून गणितास हात घालणें. तिला सांगितलें कीं, आंकडेमोडीस लागण्यापूर्वीं कागदावर दोन शब्दांत 'काय काढावयाचें' तें लिही. पांच सेकंद लागतात. चार गुण वांचतात.

विषयच ठाऊक नसेल तर मात्र सराव-परीक्षेचा कांहींएक उपयोग नाहीं. तेथें पुस्तकाकडेच परत गेलें पाहिजे. आणि तें पुस्तकही फार मोठें नसतें. ह्या परीक्षेंतलें पुष्कळसें गणित शेंकडेवारी, गुणोत्तर, काम-काळ-वेग, समीकरणें व भूमिति, म्हणजे आठवी ते दहावीच्या वर्गांतलेंच असतें. अभियांत्रिकी झालेल्या मुलांस तें काढून बसण्याची लाज वाटते. कलन-शास्त्र येणाऱ्या मुलास सरळव्याज व चक्रवाढव्याज यांतील फरक तोंडीं सांगतां येऊं नये, हें आम्हीं आमच्या ओसरीवर अनेकदां पाहिलें आहे.

चुकलेला प्रश्न समजला, उत्तर वाचलें, 'हां, कळलें' असें वाटलें, एवढ्यावर कोणी थांबूं नये. तीन दिवसांनीं तोच प्रश्न कोरा घेऊन सोडवावा, आणि पंधरा दिवसांनीं पुन्हां. अमेरिकेंत सेंट लुई येथील वॉशिंग्टन विद्यापीठांतील रोडिगर व कार्पिकी या दोघां मानसशास्त्रज्ञांनीं २००६ सालीं यासंबंधीं केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. कांहीं विद्यार्थ्यांनीं एक उतारा पुनःपुन्हां वाचला. कांहींनीं तो वाचून, मग न पाहतां आठवून लिहिला. पांच मिनिटांनीं विचारलें तेव्हां पुनःपुन्हां वाचणारे पुढें होते. आठवड्यानें विचारलें तेव्हां आठवून लिहिणारे पुढें गेले. वाचल्यानें आल्यासारखें वाटतें, आठवल्यानें येतें. हें आमच्या वेदपाठकांस फार पूर्वींपासून ठाऊक होतें असें म्हटलें तर वाचक हंसतील; पण जटा आणि घन यांची रचना पाहा. पहिलें पद दुसऱ्याशीं जोडावयाचें, मग उलट, मग पुन्हां सुलट. घनांत तिसरें पद घेऊन पुन्हां तोच फेरा. सरळ ओघांत म्हणतांना जी चूक कानाआड होते, ती उलट क्रमानें म्हणतांना लपून राहूं शकत नाहीं. म्हणून आम्ही मुलांस सांगतों कीं, दुसऱ्या वेळीं सोडवितांना रीत बदला. समीकरणानें केलें असेल तर पर्याय घालून पाहा. आकृतीनें केलें असेल तर आकड्यांनीं करा.

सराव-पत्रिका आणि तिची छाननी ही जोडी नवीन नाहीं. रँग्लर परांजप्यांचें नांव ह्या मासिकाच्या वाचकांस परिचित आहे. रत्नागिरी जिल्ह्यांतील मुर्डी येथें १८७६ सालीं जन्मलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे फर्ग्युसन महाविद्यालयांतून केंब्रिजला गेले, आणि १८९९ सालीं तेथील गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेंत दुसऱ्या एका उमेदवाराबरोबर पहिल्या क्रमांकानें, म्हणजे सीनिअर रँग्लर म्हणून, उत्तीर्ण झाले. त्या परीक्षेंतही घड्याळाशीं झुंज होती, आणि क्रमवार यादी लागत असे. १९०९ नंतर ती यादीच बंद केली. तेथल्या खासगी शिकवण्यांची पद्धति त्याआधींच एका पिढीपूर्वीं ठरून गेली होती. रूथ नांवाचे प्रसिद्ध शिक्षक आपल्या शिष्यांस दर आठवड्यास एक पत्रिका सोडवावयास लावीत, आणि नंतर स्वतःच्या हातानें लिहिलेलीं उत्तरें त्यांस पाहावयास ठेवीत. आठवड्यास पत्रिका एकच. उरलेले दिवस तिच्यांतून निघालेल्या कामाचे.

आतां सोडण्याविषयीं. आम्हां शिक्षकांनींच मुलांस 'एकही प्रश्न सोडूं नका' असें शिकविलें, आणि शाळेच्या परीक्षेंत तें योग्यही होतें. 'कॅट'मध्यें मात्र सोडतां येणें ही एक विद्या आहे. चार पर्यायांतून डोळे मिटून एक निवडला, तर सरासरीनें चारांत एकदां तीन गुण मिळतील आणि तीनदां एकेक जाईल, जमाखर्च शून्य. चारांतील एक पर्याय खात्रीनें बाद करतां आला, तर तीनांत एकदां तीन मिळून दोनदां एकेक गेला, म्हणजे थोडा नफा. तेव्हां आंधळा अंदाज करण्यांत लाभ नाहीं, अर्धवट ज्ञानावर केलेल्या अंदाजांत आहे. परंतु खरें नुकसान त्या एका गुणाचें नसतें. अहंकारानें एका प्रश्नावर घालविलेल्या सहा मिनिटांचें असतें. दोन मिनिटांत वाट दिसली नाहीं तर पुढें जावें. तर्काच्या विभागांत तर हें फारच खरें आहे. २०२४ सालीं तेथें प्रश्नांचे पांच संच होते. सर्व पांच सोडविण्याची आशा न धरतां, पहिलीं पांच-सहा मिनिटें केवळ ते वाचून त्यांतले दोन-तीन निवडण्यास द्यावीं. ती निवड हाही सरावाचाच विषय आहे, आणि जुन्या पत्रिका घेऊन, कांहींही न सोडवितां, नुसती निवड करण्याचा सराव करतां येतो.

आमच्या जिल्ह्यांतील पुष्कळ मुलें एकाच वर्षीं दोन-तीन परीक्षा देतात, आणि एकीची संवय दुसरींत नेतात. महाराष्ट्र सरकारच्या एमबीए प्रवेश-परीक्षेंत गेल्या कांहीं वर्षांत प्रश्न २०० आणि वेळ १५० मिनिटें, म्हणजे एका प्रश्नास पाऊण मिनिट, असा प्रकार असून चुकीस दंड नाहीं. तेथें एकही चौकोन कोरा ठेवणें हा मूर्खपणा. अभियंत्यांच्या 'गेट' परीक्षेंत ६५ प्रश्न, १०० गुण व तीन तास. एका गुणाचा पर्यायी प्रश्न चुकला तर एक-तृतीयांश वजा, दोन गुणांचा चुकला तर दोन-तृतीयांश. आंकडा लिहावयाच्या प्रश्नांस दंड नाहीं. ज्या परीक्षेचा सराव चालला आहे तिचे हे नियम एका कागदावर लिहून भिंतीस लावावे. जुन्या पत्रिका घेतांनाही सावध असावें. २०१५ ते २०१९ पर्यंत 'कॅट'चे प्रश्न १०० व वेळ तीन तास होता; २०२० पासून ती दोन तासांची झाली. त्या पत्रिकांतले प्रश्न उत्तम आहेत, पण वेळेची शिस्त त्यांवरून शिकूं नये.

इंग्रजीचा विभाग मराठी माध्यमांतून आलेल्या मुलांस वाघासारखा वाटतो. तेथें चार उतारे व त्यांवर प्रत्येकीं चार प्रश्न असतात. म्हणजे चोविसांतले सोळा केवळ वाचनाचे. मुलें शब्दकोशांतून कठीण शब्दांच्या याद्या पाठ करीत बसतात, त्याचा फारसा उपयोग होत नाहीं. प्रश्न बहुधा असा असतो कीं, लेखकास काय म्हणावयाचें आहे, आणि त्याच्या युक्तिवादास कोणत्या गोष्टीनें बाध येईल. आमच्या शेजारच्या मुलीस आम्हीं एक काम लावून दिलें. रोज इंग्रजींतला एक मोठा निबंध वाचावा, इतिहासाचा, अर्थकारणाचा, सृष्टिशास्त्राचा, कसाही. आणि संध्याकाळीं त्याचें तात्पर्य मराठींत पांच वाक्यांत आजोबांस सांगावें. आजोबा कचेरींतून निवृत्त झालेले, टिपणें लिहिण्यांत आयुष्य गेलेलें. ते मधेंच अडवीत, "हें त्याचं मत झालं कीं तुझं?" म्हणून. ह्या एका प्रश्नानें तिचें वाचन जितकें सुधारलें तितकें कोणत्याही क्लासानें सुधारलें नसतें. आणि दुसरें असें झालें कीं, रोज अर्धा तास नातीबरोबर बसूं लागल्यापासून आजोबांनीं रविवारचे गुण विचारणें सोडून दिलें. त्यांस आतां गुणांशिवाय दुसरें विचारण्यासारखें मिळालें होतें.

आश्विनांतल्या चार पत्रिकांत तिचे गुण ५५, ६२, ५३ व ६० पडले. तिसऱ्या रविवारीं ५३ आले तेव्हां धाकट्या काकांचा चेहरा पुन्हां पडला. आम्ही त्यांस कागद-पेन्सिल घेऊन बसविलें. आषाढाच्या चारांची सरासरी ४७. ५३ धरूनही आश्विनाची साडेसत्तावन. एकाच मुलाचे, एकाच तयारीचे गुण आठवड्यागणिक पांच-सात इकडे-तिकडे हलणारच. पत्रिका सोपी-अवघड असते, निवडलेला संच कधीं साधतो कधीं फसतो. तीच गोष्ट सराव-परीक्षेच्या पर्सेंटाइलची. ज्या क्लासाची पत्रिका त्या क्लासाचेच उमेदवार तुलनेस असतात. तेव्हां एका ठिकाणचे ८५ आणि दुसऱ्या ठिकाणचे ९१ यांवरून चढउतार काढूं नये. पाहावयाचें तर किती प्रश्न घेतले, त्यांतले किती बरोबर, आणि चुकांच्या वहींत कोणत्या जातीची चूक कमी झाली, हें पाहावें. तिच्या हातचुका पत्रिकेस पांच-सहा होत्या, त्या आतां दोनवर आल्या आहेत. ५३ गुणांच्या पत्रिकेंतही त्या दोनच होत्या.

केवळ सराव-परीक्षा देण्यासाठीं मुलांस पुण्यास खोली करून ठेवण्याची जी चाल पडत आहे, ती आम्हांस पटत नाहीं. पत्रिका संगणकावर यवतमाळांत, पुसदांत किंवा वणींतही तशीच उघडते. परीक्षा घेणारी संस्थाही आपल्या संकेतस्थळावर नमुन्याची परीक्षा विनामूल्य ठेवते, आणि पडद्यावरचें गणकयंत्र व उंदीर हातास बसण्यास ती पुरे. घरच्यांनीं द्यावयाचें तें दोन तासांचें अखंड एकांत. सत्रें साडेआठ, साडेबारा व साडेचार अशीं असतात. प्रवेशपत्र हातीं आल्यावर ज्या सत्राचें बोलावणें असेल त्याच वेळीं सराव करावा. साडेबाराचें सत्र असेल तर जेवणाची वेळ आधींपासूनच बदलावी लागते, आणि एकत्र कुटुंबांत हें स्वयंपाकघरांतील मंडळींच्या कृपेशिवाय होत नाहीं. त्या दोन तासांत पाहुणे आले तर त्यांस चहा द्यावा. मुलीस बाहेर बोलावून त्यांच्या पायां पडावयास लावूं नये. छाननीस परीक्षेच्या दुप्पट वेळ लागतो, हेंही ध्यानांत असावें. दुपारीं मुलगी 'रिकामी' दिसली म्हणून तिला दळण आणावयास पाठवूं नये. शेवटच्या तीन दिवसांत नवी पत्रिका घेऊं नये. चुकांची वही तेवढी चाळावी.

केंद्र नागपूरचें किंवा अमरावतीचें मिळतें. साडेआठाच्या सत्रास बरेंच आधीं हजर राहावें लागतें, म्हणून नागपूरचें केंद्र असल्यास यवतमाळाहून पहांटेच्या एसटीनें दीडशे किलोमीटर जाण्याचें साहस करूं नये. आदल्या दिवशीं जाऊन आप्तांकडे उतरावें. आप्तांस मात्र आधींच कळवावें कीं, शनिवारच्या रात्रीं साधा वरणभात असावा, भाचीचें कौतुक करण्यास शेजाऱ्यांस बोलावूं नये, आणि श्रीखंडपुरीचा बेत सोमवारपर्यंत लांबवावा. शेजारच्या मुलीच्या वडिलांनीं असें नागपुरास आत्याबाईंस कळविलें. परवां त्यांचें उत्तर आलें: बेत सोमवारीं ठेवतें, कोणाला बोलावीत नाहीं, पण निघतांना पोरीच्या हातावर दहींसाखर घातल्याशिवाय मी तिला दाराबाहेर सोडणार नाहीं.